मरीन लाइन्सचे मरीन कोण?

चर्चगेटहून सुटलेली धीमी लोकल पहिल्यांदा थांबते ती मरीन लाइन्सला. पश्चिमेला उतरलात तर समोर समुद्र, पूर्वेला उतरलात तर चंदनवाडी, सोनापूर आणि धोबीतलाव. समुद्र इतका जवळ असल्यामुळे स्टेशनाचे नाव त्याच्यावरूनच पडले असेल, अशी बहुतेकांची समजूत असते. मरीन ड्राइव्हचा रस्ता शेजारीच असल्याने ती समजूत पक्की होते. पण मरीन ड्राइव्ह विसाव्या शतकातला आणि मरीन लाइन्स हे नाव त्याहून बरेच जुने. यातले 'लाइन्स' म्हणजे फौजेच्या बराकींच्या ओळी. पुण्यात किंवा बेळगावात छावणीजवळ राहिलेल्यांना हा शब्द सांगावा लागत नाही. आणि 'मरीन' म्हणजे समुद्र नव्हे, माणसे. इथे मरीन बटालियनच्या लाइनी होत्या.

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतल्या काही स्टेशनांची इंग्रजी नावे बदलायला मंजुरी दिली. त्या यादीत मरीन लाइन्सचे मुंबादेवी होणार असे ठरले. नाव बदलावे की नाही यावर मला इथे वाद घालायचा नाही. पण जे नाव पुसायचे ते कोणाचे होते, एवढे तरी आधी बघायला हवे. कारण ते कुठल्या गव्हर्नराचे नाव नाही. ते शिपायांचे नाव आहे, आणि त्यातले पुष्कळ आपल्याच कोकणातले.

मरीन म्हणजे खलाशी नव्हे. खलाशी शीड सांभाळतो, सुकाणू धरतो, नांगर टाकतो. मरीन हा जहाजावर चढलेला शिपाई. समोरच्या जहाजावर बंदुका झाडायच्या, जहाजे एकमेकांना भिडली की उडी मारून पलीकडे जायचे, किनारा दिसला की होडीतून उतरून चाल करायची आणि एरवी जहाजावर पहारा द्यायचा, हे त्याचे काम. ब्रिटनचे रॉयल मरीन आणि अमेरिकेचे मरीन कोअर यांची कीर्ती सिनेमामुळे आपल्यापर्यंत पोचली आहे. आपल्या किनाऱ्यावर मात्र हे काम करणारे लोक कंपनी सरकारच्याही आधी होते, फक्त त्यांना वेगळे नाव नव्हते.

शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि त्यानंतर थोड्याच काळात आरमाराची उभारणी सुरू झाली. त्या आरमाराचा कणा दोन जातींच्या जहाजांचा. एक गुराब: दोन-तीन डोलकाठ्यांचे, तोफा वाहणारे, जरा जड. (मूळ अरबी शब्दाचा अर्थ कावळा.) दुसरे गलबत: हलके, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला की गलबते गुराबांना दोर लावून ओढत न्यायची. शत्रूच्या जहाजाच्या बाजूला तोफांची रांग असे, म्हणून तिकडून जायचेच नाही. मागच्या अंगाने गाठायचे, शीड आणि डोलकाठी निकामी करायची, आणि मग गलबतांनी चहूकडून घेरून माणसे वर चढवायची. गुराबावर दीडदोनशे लढाऊ माणसे भरायची ती यासाठीच. ती तोफांसाठी नव्हती, चढाईसाठी होती. कोणी मरीन म्हणा, न म्हणा, धंदा तोच.

१६७९ मध्ये खांदेरीवर हे इंग्रजांनी जवळून पाहिले. मुंबईच्या तोंडावरच्या त्या बेटावर महाराजांनी किल्ला बांधायला घेतला आणि मायनाक भंडारी माणसे घेऊन तिथे उतरला. इंग्रजांनी अडवायला जहाजे पाठवली. सप्टेंबरात बेटावर उतरायला गेलेला त्यांचा एक अधिकारी तिथेच मारला गेला. ऑक्टोबरात मराठी आरमाराचा सरदार दौलतखान याची गलबते बाहेर पडली आणि इंग्रजांचे 'डव्ह' हे गुराब मराठ्यांच्या हाती लागले. इंग्रजांचे मोठे जहाज हटले नाही, हे खरे. पण रात्रीच्या अंधारात उथळ पाण्यातून रसद पोचवणाऱ्या होड्या त्याला शेवटपर्यंत थांबवता आल्या नाहीत, आणि किल्ला उभा राहिला. गंमत अशी की त्याच काळात मुंबईत कंपनीने बेटाच्या रक्षणासाठी जी स्थानिक पलटण उभी केली होती, ती भंडाऱ्यांची. खाडीच्या दोन्ही अंगांना माणसे एकाच किनाऱ्याची.

आरमाराबद्दल आज्ञापत्रात जे प्रकरण आहे, त्यातले 'ज्याजवळ आरमार त्याचा समुद्र' हे वाक्य भाषणांत सारखे येते. मला त्यातला लाकडाचा मजकूर जास्त मोलाचा वाटतो. जहाजाला सागवान लागते ते हुकूम घेऊन तोडावे. आंबा आणि फणस यांची लाकडेही आरमाराच्या उपयोगाची आहेत, पण त्यांना हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे. जहाज पाण्यात जाण्याआधी कोणाच्या परसातून जाते, याचे भान ठेवणारे हे लिखाण आहे. कोकणात अंगणातला फणस तोडायची वेळ आलेल्या कुणालाही विचारा, त्याला हे कलम लगेच समजेल.

पुढे कान्होजी आंग्रे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख, झाले आणि तीसेक वर्षे मुंबईचा गव्हर्नर त्यांच्याकडे बघून झोपायचा. १७१८ मध्ये खांदेरीवरचा इंग्रजांचा हल्ला फसला, १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर गेले तेही हात हलवत परतले. ही सगळी कथा मराठी वाचकाला पाठ आहे, म्हणून लांबवत नाही. शेवट मात्र आपण जरा घाईने वाचतो. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला तो कंपनीच्या कमोडोर जेम्सच्या तोफांनी, आणि त्याच्या जोडीला पेशव्यांची फौज होती. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे याचे आरमार जळाले. आंग्र्यांनी कंपनीकडूनच पकडलेले 'रिस्टोरेशन' नावाचे जहाज त्या ताफ्यात होते. एक गोळा नेमका त्याच्यावर पडला, ते पेटले, आणि त्याच्यापासून शेजारची, मग त्याच्या शेजारची, अशी एकमेकांना बांधलेली जहाजे जळत गेली. नानासाहेब पेशव्यांना तुळाजी नको होता, म्हणून समुद्रच हातचा गेला.

जेम्सच्या विधवेने पुढे १७८४ मध्ये लंडनजवळ शूटर्स हिल या टेकडीवर नवऱ्याच्या आठवणीसाठी बुरूज बांधला. तो अजून उभा आहे आणि त्याचे नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल', म्हणजे आपला सुवर्णदुर्ग. हर्णैचा किल्ला लंडनच्या उच्चारात.

आता मरीन लाइन्सकडे. कंपनीच्या मुंबईतल्या जहाजांच्या ताफ्याला १६८६ पासून 'बॉम्बे मरीन' म्हणत. जहाजांवर लढायला शिपाई लागले की जमिनीवरच्या पलटणीतून तुकड्या चढवायच्या, असे बरीच वर्षे चालले. १७७७ मध्ये या कामासाठी वेगळी पलटण उभी केली, ती मरीन बटालियन. पुढे मुंबईच्या देशी पायदळात तिचा क्रमांक २१ लागला, पण लोक तिला मरीनच म्हणत. इराणच्या आखातातल्या मोहिमा असोत की ब्रह्मदेश, कंपनीचे जहाज निघाले की या पलटणीचे शिपाई त्याच्यावर असायचे.

ही पलटण मुंबईतच का उभी राहू शकली, याचे उत्तर जातीत आहे. समुद्र ओलांडणे धर्माने निषिद्ध, ही सिंधुबंदी वरच्या जातींतून भरती केलेल्या बंगालच्या फौजेत फार जाचायची. १८२४ मध्ये बराकपूरला ब्रह्मदेशच्या स्वारीवरून जे बंड झाले, त्यात या भीतीचाही वाटा होता. मुंबईच्या फौजेत कोकणातले मराठे, महार, मुसलमान, बेने इस्राएल (कोकणातले यहुदी) असे सगळे एकाच पलटणीत असत, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना समुद्र परका नव्हता. महारांची संख्या मुंबई फौजेत मोठी होती. ज्या माणसाला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्याला समुद्रावर जाताना बाटण्याची भीती कोण घालणार? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सरकारला 'लढाऊ जमातीं'चे वेड लागले आणि महारांची भरती बंद झाली, तेव्हा त्याविरुद्ध अर्ज तयार करणारे गोपाळबाबा वलंगकर कोकणातले निवृत्त फौजीच होते.

मरीन बटालियनची सगळ्यात लक्षात राहणारी गोष्ट मात्र समुद्रावरची नाही, सोनापुरातली आहे. १८५७ चा पावसाळा. उत्तर हिंदुस्थान पेटलेला, मुंबई वरवर शांत. पोलीस सुपरिंटेंडेंट चार्ल्स फोर्जेट हा हिंदुस्थानातच वाढलेला. देशी भाषा अस्खलित बोलायचा आणि वेषांतर करून शहरात फिरायचा. त्याला खबर लागली की सोनापुरात गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी पलटणीतले शिपाई जमतात आणि दिवाळीच्या सुमारास उठायचे घाटते आहे. त्याने गंगाप्रसादला धमकावून वळवले आणि शेजारच्या खोलीत बसून भिंतीच्या फटीतून बैठक ऐकली. पुढच्या बैठकीला तो मरीन बटालियनच्या कमांडंटला, मेजर बॅरोला, सोबत घेऊन गेला. फटीला डोळा लावल्यावर बॅरोला समोर आपल्याच पलटणीतली माणसे बसलेली दिसली. त्याचा विश्वास बसेना.

१५ ऑक्टोबर १८५७ रोजी एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानावर, दोघांना तोफेच्या तोंडी दिले. मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि १० व्या पलटणीचा शिपाई मंगल गडिया. बराकी, बैठकीची जागा आणि वधस्थान ही तिन्ही ठिकाणे आज अर्ध्या तासात पायी फिरून होतील. मी फिरलो आहे. क्रिकेटच्या दहा मॅचेस एकाच वेळी चाललेल्या त्या मैदानात आपण नेमके कुठे उभे आहोत, हे सांगता येत नाही.

त्यानंतरचा इतिहास विरघळण्याचा आहे. १८६३ मध्ये पूर्वीचे कंपनीचे लढाऊ आरमारच मोडीत निघाले, मग त्यावरचे शिपाई कशाला हवेत? मरीन बटालियन साधे पायदळ झाली, १९०३ मध्ये १२१ वी पायोनियर्स झाली, म्हणजे रस्ते आणि खंदक खणणारी पलटण. १९३३ मध्ये पायोनियर पलटणीच बरखास्त झाल्या. आरमार 'रॉयल इंडियन मरीन', मग १९३४ मध्ये 'रॉयल इंडियन नेव्ही' झाले, फेब्रुवारी १९४६ मध्ये त्यातल्या नाविकांनी मुंबईत 'तलवार' या नाविक तळावरून बंड केले, १९५० मध्ये 'रॉयल' गळाले. या सगळ्यात समुद्रावरचा शिपाई परत आला नाही. शब्द तेवढा स्टेशनावर राहिला.

स्वतंत्र भारताला त्याची उणीव १९७१ मध्ये कळली. डिसेंबरच्या मध्यावर कॉक्स बाजारच्या किनाऱ्यावर गुरखा पलटण उतरवायचा प्रयत्न झाला. जवान शूर होते, पण समुद्रातून उतरायचा सराव नव्हता. जहाज किनाऱ्यापासून दूर वाळूत टेकले, पाणी अपेक्षेपेक्षा खोल निघाले, पाठीवरच्या ओझ्यासह उतरलेले काही जवान बुडाले आणि उतरणी थांबवावी लागली. त्याच युद्धात ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर केलेला क्षेपणास्त्र-नौकांचा हल्ला इतका झळाळला, की तो नौदल दिन झाला आणि कॉक्स बाजार तळटीपेत गेले.

फेब्रुवारी १९८७ मध्ये नौदलाने 'इंडियन मरीन स्पेशल फोर्स' उभे केले. पुढे 'मरीन कमांडो फोर्स', लोकांच्या तोंडी 'मार्कोस'. तळ मुंबईजवळ, आयएनएस अभिमन्यू. हे अमेरिकेसारखे लाखाहून अधिक माणसांचे मरीन कोअर नव्हे; भारतात तसे दल नाहीच. मोठी फौज किनाऱ्यावर उतरवायची तर ती लष्कराची असते आणि जहाजे नौदलाची. मार्कोस ही मूठभर निवडक माणसे. उभे राहून वर्षही झाले नव्हते, तोच २१ ऑक्टोबर १९८७ रोजी लेफ्टनंट अरविंद सिंग यांच्या हाताखाली अठरा जण श्रीलंकेत जाफन्याजवळच्या गुरुनगर धक्क्यावर गेले. स्फोटके ओढत नेली, शेवटचे अंतर पोहून कापले, तमिळ वाघांच्या (एलटीटीई) नौका आणि धक्का उडवून परत आले. सिंग यांना महावीर चक्र मिळाले. वर्षभराने मालदीवमध्ये बंड करून जहाजातून पळालेल्या भाडोत्र्यांना समुद्रात गाठले, तेव्हाही जहाजावर चढणारे हेच. काश्मीरमध्ये वुलर सरोवरावर नेमणूक झाली, तिथल्या लोकांत मिसळण्यासाठी यांनी दाढ्या वाढवल्या आणि 'दाढीवाला फौज' हे नाव मिळवले.

मुंबईकरांनी त्यांना पाहिले ते २६ नोव्हेंबर २००८ नंतर. दिल्लीहून एनएसजी पोचण्याआधी ताज आणि ओबेरॉयमध्ये शिरलेले पहिले कमांडो मार्कोसचे होते. नंतर त्यांच्यातला एक जण पत्रकारांसमोर आला, चेहरा काळ्या कापडात गुंडाळलेला, डोळ्यांवर गॉगल. टीव्हीवरचे ते चित्र माझ्या पिढीच्या डोक्यात पक्के बसले आहे. त्या वेळी आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी विचारले होते, "याच्या आईला तरी कळलं असेल का, हा आपला म्हणून?"

काकूंचा प्रश्न वरवरचा नव्हता. समुद्रावरच्या माणसाच्या मागे उभ्या असलेल्या घरांचा हिशेब इतिहासात फारसा येत नाही. मुंबईत त्याच्या खुणा आहेत, पण विखुरलेल्या. कुलाब्याचे नौदलाचे रुग्णालय आयएनएचएस अश्विनी, त्याची मुळे १७५६ मध्ये खलाशांसाठी सुरू झालेल्या इस्पितळात आहेत, म्हणजे विजयदुर्ग जळाला त्याच वर्षी. मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक तिथे आहे. या माणसांना थडगी नाहीत, समाधी नाही, फक्त तिथे कोरलेली नावे आहेत. मालवाहू बोटीवर सारंग आणि तांडेल ही हुद्द्यांची नावे विसाव्या शतकातही चालली. महाराजांच्या दर्यासारंगातला 'सारंग' साहेबाच्या बोटीवर कोळसा ओढणाऱ्यांचा मुकादम झाला. आज ही दोन्ही आडनावे कोकणात दारोदार भेटतात.

आजच्या नौदलाचा स्वतःचा गोतावळा आहे. नौदलातल्या लोकांच्या पत्नींची संघटना, एनडब्ल्यूडब्ल्यूए, बालवाड्या चालवते, विशेष मुलांसाठीच्या 'संकल्प' शाळांना हातभार लावते, आणि वीरनारींच्या कागदपत्रांच्या मागे लागते. शेवटचे काम सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात गरजेचे. पेन्शनचा अर्ज कुठल्या खिडकीवर अडकतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ते कळणार नाही. गावाकडे ही भूमिका जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे आणि त्याहून जास्त गावातल्या एखाद्या निवृत्त माणसाकडे असते. नौदलात तीन-चार पोरे असलेल्या प्रत्येक गावात असा एक 'नेव्हीवाले काका' सापडतो, जो भरतीच्या फॉर्मपासून फॅमिली पेन्शनपर्यंत सगळे भरून देतो आणि बदल्यात चहा पितो.

परंपरा म्हणाल तर त्या कालव्याच्या पाण्यासारख्या मिसळल्या आहेत. बडा खाना ब्रिटिश पलटणींपासून चालत आलेला: अधिकारी आणि जवान एका पंगतीला. माझगाव गोदीत नवे जहाज पाण्यात सोडायचा मान स्त्रीचा, ही रीत पाश्चात्त्यांची, पण नारळ आपला आणि मंत्र अथर्ववेदातले. लोणावळ्याच्या अभियांत्रिकी तळाचे नाव आयएनएस शिवाजी, मुंबईच्या तळाचे आयएनएस आंग्रे. झेंड्यावरचा सेंट जॉर्जचा लाल क्रॉस २००१ मध्ये गेला, २००४ मध्ये परत आला, आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला 'विक्रांत' ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली त्या वेळी पुन्हा उतरला. त्याच्या जागी निळ्या अष्टकोनात नांगर आला. तो अष्टकोन राजमुद्रेवरून घेतलेला. पुढच्या वर्षी मालवणच्या नौदल दिनी अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या फितींतही महाराजांच्या आरमाराची खूण आणायचे जाहीर झाले. मला याचा आनंद झाला, खोटे कशाला बोलू. पण कागदोपत्री वारसा बॉम्बे मरीनचाच चालत आला आहे, आणि मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार या दोन्ही वंशावळींत कुठेच बसत नाही. त्याच्या नावाचे जहाज नाही.

मार्च २०२४ मध्ये, स्टेशनाच्या नावाचा निर्णय झाला त्याच महिन्यात, भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर 'रुएन' नावाचे अपहृत मालवाहू जहाज आयएनएस कोलकाताने अडवले. हवाई दलाच्या सी-१७ विमानातून मार्कोस आपल्या होड्यांसह समुद्रात उतरले. चाळीस तासांनी ३५ सोमाली चाचे शरण आले आणि जहाजावरचे १७ खलाशी सुटले. २३ मार्चला 'कोलकाता' मुंबईत आली. चाच्यांना रांगेने धक्क्यावर उतरवले आणि येलो गेट पोलिसांच्या ताब्यात दिले.